काँक्रीटच्या जमिनीचा रंग पुन्हा पुन्हा सुटतो: नवा डबा आणण्याआधी काय तपासायचं

"दोनदा रंगवलं, दोन्ही वेळा पोपडे निघाले, आता कुठला रंग घेऊ?" गॅरेज असो, तळघर असो की गोदाम, सिमेंटच्या जमिनीबद्दल हाच प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. सुटलेला रंग खरवडून अशा जमिनी नव्याने रंगवण्याचं काम मी वर्षानुवर्षं करत आलो आहे. रंग का सुटला हे कळल्याशिवाय आणलेला सगळ्यात महागडा डबासुद्धा आधीच्याच वाटेने जातो. आणि तो का सुटला याचा पुरावा जमिनीवरच पडलेला असतो. तेव्हा ते पोपडे एवढ्यात झाडून टाकू नका.

लक्षणं

तुमच्या जमिनीवर यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. एकाहून जास्त लक्षणं एकत्र असू शकतात.

- रंग मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. कडेला नख घातलं की हातभर पट्टा सहज उचलला जातो.
- रंगाला फुगे येतात. फोडले तर आत ओल असते, कधी चक्क पाणी निघतं.
- बाकी जमीन ठीक, पण गाडीची चाकं उभी राहतात नेमका तिथलाच रंग टायरला चिकटून निघतो.
- कडेला, भेगांजवळ किंवा भिंतीलगत रंगाखालून पांढरी पूड वर येते.
- ठरावीक डागांवर रंग बसतच नाही. लावतानाच मागे सरतो आणि गोल खळगे पडतात.
- आठवडा उलटला तरी रंग चिकट किंवा मऊ राहतो.
- खालचा हात जागेवर राहतो, वरचा तेवढा सुटतो.
- रंग धरून आहे, पण पिवळा पडलाय आणि हात फिरवला की पूड लागते.

शेवटचं लक्षण सगळ्यात सोपं, ते इथेच संपवतो. इपॉक्सीला, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रंगाला, ऊन सोसत नाही. दारातून किंवा खिडकीतून रोज ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळी पडणार, वरून भुरभुरणार. पकड चांगली असेल तर सगळं काढायची गरज नाही. पृष्ठभाग घासून, धूळ काढून वर उन्हाला टिकणाऱ्या ॲलिफॅटिक पॉलीयुरेथेनचा एक हात द्या.

पहिली तपासणी: पोपड्याची मागची बाजू

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि निम्मं निदान इथेच होतं. वेगवेगळ्या जागांवरून चार-पाच पोपडे उचला, उलटे करा आणि उजेडात बघा.

मागे करड्या सिमेंटचा पातळ थर चिकटून आला असेल, तर रंगाने आपलं काम केलं होतं. सुटलं ते काँक्रीट. ओलं काँक्रीट घोटताना पाणी आणि बारीक सिमेंट वर येतं आणि दुधावर साय धरावी तसा एक कमजोर थर पृष्ठभागावर धरतो. रंग त्या सायीला घट्ट चिकटतो आणि साय खालच्या काँक्रीटला सोडते. इथे रंग बदलून काहीही फरक पडणार नाही. ती साय यंत्राने घासून काढावीच लागते.

मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर रंग काँक्रीटमध्ये शिरलाच नाही. कारणं तीन: जमीन घोटून फार गुळगुळीत केलेली आहे, तिच्यावर पूर्वी सीलर (छिद्रं बंद करणारा थर) किंवा क्युरिंग कंपाउंड (नव्या काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून मारायचं द्रव) मारलेलं आहे, किंवा तेल-मेण मुरलेलं आहे.

मागे पांढरे क्षार, ओलसरपणा किंवा काळपट बुरशी दिसली तर पाणी खालून येतंय. हे सगळ्यात अवघड दुखणं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

मागे जुन्या रंगाचाच थर दिसला तर भांडण दोन हातांमधलं आहे. दोन हातांमध्ये फार दिवस गेले, मधे घासलं नाही, किंवा पहिल्या हातावर धूळ बसली होती. इपॉक्सीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. थंड किंवा दमट हवेत हार्डनरमधला अमाइन नावाचा घटक हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिसळून वर मेणचट थर धरतो. डोळ्यांना तो फारसा दिसत नाही, पण बोट फिरवलं की तेलकट लागतो. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुऊनच काढायचा. न धुता घासलं तर तोच थर सगळीकडे पसरतो.

दुसरी तपासणी: आधी नेमकं काय लावलं होतं

जुना डबा असेल तर शोधा. त्यावर तेलरंग, इनॅमल किंवा अल्किड असं लिहिलेलं असेल तर कारण सापडलं. काँक्रीट अल्कधर्मी असतं, आणि थोडीशी ओल मिळाली की ते तेलरंगातल्या तेलाचा साबण करतं. म्हणून असा रंग मऊ पडतो, चिकट होतो आणि पट्ट्यांनी सुटतो. त्यावर दुसरा कुठलाही रंग टिकणार नाही, आधी तो पूर्ण काढावा लागेल.

रंग चिकट राहिलाय आणि तो दोन घटकांचा असेल, तर मिश्रणात गडबड झाली आहे. अंदाजाने ओतलेला हार्डनर, कमी वेळ ढवळणं, किंवा डब्याच्या कडेला आणि तळाला चिकटून राहिलेला न मिसळलेला भाग शेवटी निपटून जमिनीवर पसरणं. असे चिकट पट्टे महिन्यांनीही वाळत नाहीत. ते खरवडून सॉल्व्हंटने पुसायचे, घासायचे आणि पुन्हा भरायचे.

जमीन नवी असेल तर ओतल्याची तारीख आठवा. निदान २८ दिवस झाल्याशिवाय रंगाला हात लावू नये असा प्रघात आहे, पण २८ दिवस झाले म्हणजे जमीन वाळली असंही समजू नका. जाड स्लॅब, बंद खोली, दमट हवा असेल तर आतलं पाणी निघायला कित्येक महिने लागतात.

तिसरी तपासणी: पाण्याचे थेंब

रंग सुटलेल्या उघड्या काँक्रीटवर, एक-दोन फुटांच्या अंतराने, चमचाभर पाणी टाका. मिनिट-दोन मिनिटांत ते मुरलं आणि डाग गडद झाला तर छिद्रं उघडी आहेत. थेंब तसेच गोल उभे राहिले तर तिथे सीलर, मेण किंवा तेल आहे. पाणी मुरत नाही तिथे प्राइमरही मुरत नाही, एवढा सरळ हिशेब आहे.

ही चाचणी एकाच जागी करून थांबू नका. गाडीच्या इंजिनाखाली, कामाच्या टेबलापुढे आणि कोपऱ्यात वेगवेगळं उत्तर मिळतं. जिथे थेंब उभे राहतात तिथे खडूने गोल करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चौथी तपासणी: उरलेला रंग किती घट्ट आहे

जिथे रंग अजून चांगला दिसतोय, तिथे धारदार कटरने फुलीच्या आकाराचे दोन काप द्या. प्रत्येक काप साधारण ४ सेंटिमीटर आणि थेट काँक्रीटपर्यंत. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा, दीड मिनिटाने एका झटक्यात स्वतःवर दुमडत ओढा. फुलीच्या कडांवरचे बारीक कण सोडून काहीच निघालं नाही, तर तो भाग ठेवायला हरकत नाही. टेपबरोबर तुकडे आले तर तो रंगही जाणार आहे, आज ना उद्या.

हे महत्त्वाचं अशासाठी की नवा रंग जुन्या रंगाइतकाच घट्ट राहतो. कमजोर थरावर मजबूत इपॉक्सी लावली तर ती घट्ट होताना खालच्या थराला ओढते आणि दोन्ही मिळून सुटतात. पाच-सहा जागी टेप लावा. एखाद्याच ठिकाणी नापास झालं तर तेवढा भाग काढून कडा उतरत्या घासा आणि भरा. निम्म्या ठिकाणी नापास झालं तर मन घट्ट करा आणि सगळा रंग काढा. अर्धवट काढलेल्या जमिनीइतका वेळ आणि पैसा दुसरं काहीच खात नाही.

घर जुनं असेल आणि रंगाचे थर कधीचे आहेत ठाऊक नसेल, तर घासण्याआधी रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

पाचवी तपासणी: खालून येणारी ओल

४५ सेंटिमीटर चौरस, जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या. उघड्या काँक्रीटवर ठेवून चारही कडा टेपने हवाबंद करा. निदान १६ तास तसंच राहू द्या, ऊन किंवा हीटर त्यावर थेट नको. ही एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ४२६३ नावाची प्रमाणित पद्धत आहे. मोठ्या जागेत दर ५०० चौरस फुटांना एक तुकडा लावा, त्यातला एक बाहेरच्या भिंतीलगत असू द्या.

उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे कण दिसले किंवा काँक्रीट गडद झालं, तर स्लॅबमधून वाफ वर येते आहे. पाणी फक्त प्लास्टिकच्या वरच्या बाजूला असेल तर ते हवेतलं आहे. जमीन थंड आणि हवा दमट, इतकाच त्याचा अर्थ.

जमिनीखाली ओलरोधक प्लास्टिक अंथरलेलं नसेल तर मातीतलं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून कायम वर चढत राहतं. रंग नसतो तेव्हा ते उडून जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. रंगाने तोंड बंद केलं की ते थराखाली अडकतं, सोबत आणलेले क्षार तिथेच सोडतं आणि हळूहळू रंग उचलतं. "रंग लावायच्या आधी जमीन कोरडीच होती" असं लोक खात्रीने सांगतात, त्याचं कारण हेच.

प्लास्टिक कोरडं निघालं तरी एक सावधगिरी बाळगा. कोरड्या दिवसांत केलेली चाचणी पावसाळ्याची हमी देत नाही. भिंतीलगत पांढरी पूड दिसत असेल तर माझा विश्वास पुडीवर जास्त.

ओल निघाली तर आधी बाहेर बघा. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, अंगणाचा उतार घराकडे आहे का, एखादी पाइप गळतेय का? हे सुधारून काही आठवडे थांबा आणि पुन्हा प्लास्टिक लावा. तरीही ओल आलीच तर साधा रंग विसरा.

सहावं काम: जमीन तयार करणं

टिकाऊपणा इथे ठरतो, आणि कंटाळाही इथेच येतो.

क्रम चुकवू नका: आधी तेल, मग घासणं. तेल असताना घासलं तर ते काँक्रीटमध्ये आणखी चोळलं जातं. खडूच्या गोलांवर डीग्रीझर (तेल काढणारं द्रव) टाका, कडक ब्रशने घासा, पाण्याने धुवा, आणि थेंबांची चाचणी पुन्हा करा. थेंब मुरेपर्यंत हेच करत राहायचं. वर्षानुवर्षं मुरलेलं इंजिन ऑइल पूर्ण निघत नाही, तिथे तेलकट काँक्रीटसाठी बनवलेला खास प्राइमर लागतो किंवा तेवढा भाग फोडून नव्याने भरावा लागतो.

त्यानंतर पृष्ठभाग खरखरीत करायचा. हात फिरवल्यावर मध्यम काचपेपरसारखा लागला पाहिजे. मार्ग दोन आहेत, ॲसिड आणि ग्राइंडर. माझा कल स्पष्टपणे ग्राइंडरकडे आहे. ॲसिड फक्त उघड्या सिमेंटवर काम करतं; सीलर, तेल किंवा जुना रंग असेल तिथे त्याचा काही उपयोग होत नाही, आणि यंत्राने घोटलेल्या कडक जमिनीवर ते असमान खातं. शिवाय धुवायला भरपूर पाणी लागतं, ते मुरतं आणि जमीन पुन्हा वाळवत बसावं लागतं. तरीही ॲसिडच वापरणार असाल तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. हातमोजे, चष्मा, गमबूट घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि ब्लीचशी त्याची गाठ पडू देऊ नका, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. शेवटी सोड्याच्या पाण्याने शमवा आणि धुतलेल्या पाण्याचा पीएच तुमच्या नळाच्या पाण्याजवळ येईपर्यंत धुवा.

डायमंड कप व्हीलचा, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या वाटीसारख्या चाकाचा, ग्राइंडर भाड्याने मिळतो. त्याला व्हॅक्यूमचं झाकण जोडलेलं हवंच. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नका, घट्ट बसणारा धूळरोधक रेस्पिरेटर लावा.

भेगांपैकी हलत नसलेल्या बारीक भेगा इपॉक्सी फिलरने भरा. मुद्दाम सोडलेले सांधे मात्र रंगाने बुजवू नका. स्लॅब तिथेच हलतो, वरचा रंग फाटणारच. सांध्यात लवचीक पॉलीयुरेथेन सीलंट भरा.

सातवं: आता रंग निवडा

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक फ्लोअर पेंट फक्त पायांची वर्दळ असलेल्या जागेला पुरतो. लावायला सोपा, वास कमी, आणि खालून येणारी थोडीफार वाफ बाहेर जाऊ देतो. गाडी ठेवणार असाल तर हा घेऊ नका. रस्त्यावरून आलेलं टायर गरम असतं, त्यातलं प्लास्टिसायझर (रबर लवचीक ठेवणारं रसायन) रंग मऊ करतं, आणि थंड होताना आकसणारं टायर तो मऊ रंग ओढून घेतं. चाकांखालचा रंग निघण्याचं हेच कारण.

डब्यावर 'इपॉक्सी' लिहिलं आहे एवढ्यावर जाऊ नका. एकाच डब्यात येणारा आणि हार्डनर नसलेला रंग बहुधा ॲक्रिलिकच असतो, त्यात थोडी इपॉक्सी मिसळलेली. गाडी, तेल, जड सामान यांसाठी बेस आणि हार्डनर वेगळे येणारी इपॉक्सीच हवी. उन्हाच्या जागी तिच्यावर पॉलीयुरेथेन. पॉलीअ‍ॅस्पार्टिक नावाचा आणखी एक दोन घटकांचा रंग मिळतो, तो फार लवकर वाळतो, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

ओल थांबत नसेल आणि जागा साधी असेल, तर मी बऱ्याच जणांना रंगच लावू नका असं सांगतो. लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचं डेन्सिफायर काँक्रीटच्या आत शिरून पृष्ठभाग कठीण करतं आणि धूळ कमी करतं. वर थर नसतो, म्हणून सुटायला काहीच नसतं. रंगाची शोभा मिळत नाही आणि तेलाचे डाग पडतात, हे आधीच मान्य करून घ्या.

आठवं: लावताना

जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या ओलीचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंश सेल्सियस जास्त हवं. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे जमीन २४-२५ अंशांच्या खाली असली तर थांबायचं. तळघरात ही अट सर्रास मोडली जाते, कारण तिथे हवा बरी वाटते आणि जमीन थंड असते.

जमीन तापत असताना पहिला हात देऊ नका. आतली हवा फुगून वर येते आणि रंगात टाचणीएवढी छिद्रं पडतात. तापमान उतरतीला लागल्यावर, दुपार कलल्यावर सुरू करा.

बेस आणि हार्डनर मोजूनच घ्या. कमी वेगाच्या ड्रिलने तीन मिनिटं ढवळा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळा. दुसरी बादली हाच चिकट पट्ट्यांवरचा उपाय. मिश्रण बादलीत साठवून ठेवू नका, ते स्वतःच तापतं आणि घट्ट होतं. हातमोजे नायट्राइलचे घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. सॉल्व्हंटचा रंग असेल तर हवा खेळती ठेवा आणि गीझर, शेगडी, कुठलीही ज्योत विझवा.

थराची जाडी मोजायला यंत्र लागत नाही. १ लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर १०० मायक्रॉनचा होतो. रंगात घन भाग निम्मा असेल तर वाळून ५० मायक्रॉन उरतात. डब्यावर लिहिलेल्या जाडीशी हे ताडून बघा. तुमचा रंग फार लांब पुरला असेल तर आनंद मानू नका, थर पातळ बसला आहे. उलट दमट जागी एकच जाड हात दिला तर आतून वाळत नाही, म्हणून दोन हातच बरे. पाणी पडणाऱ्या जागी शेवटच्या हातात घसरू नये म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळा.

चालायला साधारण एक दिवस, गाडी ठेवायला सात दिवस. थंडीत याहून जास्त. डब्यावर जास्त लिहिलं असेल तर ते पाळा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- दोनदा प्लास्टिक लावूनही ओल आली, किंवा फुग्यांतून पाणी निघतं. तो माणूस स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर छिद्र पाडून आतली आर्द्रता मोजेल आणि ओल अडवणारी इपॉक्सी लागते का ते सांगेल. ती यंत्रणा घरगुती रोलरने होत नाही.
- भेगेच्या दोन्ही बाजू वर-खाली झाल्या आहेत, किंवा भेग रुंदावते आहे. हे रंगाऱ्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.
- घासल्यावरही काँक्रीट भुरभुरतंच आहे, किल्लीने ओरखडलं तर खोल चर पडते. पृष्ठभागावर चकती चिकटवून ती ओढून पाहण्याच्या चाचणीत दर चौरस मिलिमीटरला १.५ न्यूटन एवढी ताकद इपॉक्सीसाठी सहसा किमान धरतात. त्याहून कमी असेल तर वरचा थर बदलावा लागेल.
- जुन्या रंगात शिसं निघालं, किंवा रंगाखाली जुन्या टाइलचा काळा गोंद दिसला. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे तो घासायचा नाही, खरवडायचाही नाही.

बोलावण्याआधी जमा केलेले पोपडे एका पिशवीत घालून त्यावर ते कुठून उचलले ते लिहा. प्लास्टिक किती तास होतं, थेंब कुठे मुरले नाहीत, टेप कुठे नापास झाली, आधी काय लावलं होतं, हे एका कागदावर मांडा. येणारा माणूस ते न बघताच दर सांगायला लागला तर दुसरा शोधा.